पालथ्या होडीचं माप

माणसाला कुतूहल असावं, पण ते पडवीत मावेल एवढंच असावं, असं आमच्या हिचं, म्हणजे जयवंतीचं, मत आहे. हे मत तिने मी मोटर घरी आणली त्या दिवशी दिलं आणि पुढे वर्षभर दिवसातून निदान एकदा दिलं. मोटर म्हणजे चार चाकांची नव्हे. वसईतल्या हायस्कुलात शास्त्र शिकवणाऱ्या मास्तराच्या नशिबी ती कुठून येणार! ही आपली होडीच्या मागे टांगायची मोटर. लढाई संपल्यावर पलटणीचं उरलंसुरलं सामान लिलावात निघालं, तेव्हा मी कल्याणला रेनकोट घ्यायला म्हणून गेलो होतो. रेनकोट माझ्या मापाचे नव्हते. मोटरीला मापाचा प्रश्नच नव्हता.

"आपल्याकडे होडी आहे का?" जयवंतीने विचारलं.

"नाही."

"मग?"

"अगं, हिच्यात थंड पाणी कुठून शिरतं आणि गरम होऊन कुठून बाहेर पडतं, हे तुला बघावंसं वाटत नाही?"

"नाही," ती म्हणाली आणि भाजी चिरायला गेली. काही माणसांना सृष्टीतल्या चमत्कारांची ओढच नसते, त्याला आपण काय करणार.

मी मात्र ती मोटर वर्षभरात चौदा वेळा उघडली आणि चौदा वेळा जोडली. नवव्या वेळेला एक स्क्रू उरला. तो कुठला, हे आजतागायत समजलेलं नाही, पण मोटर चालायची. बागेतल्या हौदाच्या कठड्याला अडकवून दोरी ओढली की अशी गर्जायची की शेजारचे हरिभाऊ पानवेलीतून उठून कुंपणाशी येत. हरिभाऊंच्या बागेत तेलावर चालणारा पंप आला होता, त्यामुळे यंत्र या विषयावर बोलायचा हक्क आपल्याला आहे आणि मला नाही, असं ते धरून चालत. "विद्याधर, आवाज चांगला आहे, पण उपयोग काय?" एवढं विचारून ते परत पानवेलीत जात. टाकीतलं पेट्रोल संपलं तेव्हा हा सवाल-जबाबही संपला. पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळायचं. जयवंतीने मोटरीवर गोणपाट टाकलं आणि गोणपाटावर मिरच्या वाळत घातल्या.

अठ्ठेचाळीसच्या श्रावणात एका सकाळी रोझमेरी सुके बोंबील घेऊन दारात आली. ती पाचूबंदरची. तिचा नवरा पास्कल खाडीच्या तोंडाशी मासे मारायचा आणि ही ते घरोघर विकायची. त्या दिवशी तिने टोपली उतरवली आणि टोपलीशेजारी स्वतःच बसली.

"बाय, एवढे बोंबील घे. पुढं मी येईन का नाय, सांगवत नाय," ती जयवंतीला म्हणाली. "पास्कल होडी विकतो."

मे महिन्यात होडी किनाऱ्यावर ओढताना पास्कलचा उजवा खांदा निखळला होता. हाडवैद्याने तो बसवला, पण हात छातीच्या वर जाईना. डाव्या हाताने पास्कल सुकाणू धरील, जाळं ओढील, सगळं करील, पण दोन वल्ही मारायला दोन खांदे लागतात आणि त्याच्या भावाने तर केव्हाच मुंबईला गोदीत नोकरी धरली होती. अर्नाळ्याच्या हरेश्वरने होडी मागितली होती. नारळी पुनव झाली की पुढच्या रविवारी तो न्यायला येणार होता.

"होडी सासऱ्यानं बांदलेली," रोझमेरी म्हणाली. "दुसऱ्याच्या होडीवर जा म्हनलं तं बोलत नाय. जेवत नाय. भिंतीकडं तोंड करून बसतो, बाय. मी काय करू?"

जयवंतीने डोळ्यांना पदर लावला. मग तिने गोणपाटावरच्या मिरच्या गोळा केल्या, गोणपाट ओढून काढलं आणि माझ्याकडे बघितलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण इतक्या आदराने ती माझ्याकडे पहिल्यांदाच बघत होती.

त्याच संध्याकाळी मी पाचूबंदरला गेलो. पास्कल खरोखरच भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी त्याला बाष्पीभवन, ठिणगी, दट्ट्या आणि पंखा असं क्रमाने समजावलं. त्याने मान वळवली नाही. "वल्हं मारावं लागत नाही," असं मी म्हणालो तेव्हा त्याने मान वळवली.

आता अडचण अशी की ही मोटर बसते सपाट फळीवर. साहेबांच्या होड्या मागून पेटीसारख्या सपाट असतात. पास्कलची होडी पुढून टोकदार आणि मागूनही टोकदार. मोटर होती, होडी होती, पण मोटरीला बसायला जागा नव्हती.

"त्यात काय, मागचं टोक कापून टाका," हरिभाऊ म्हणाले. ते माझ्याबरोबर आले होते. मी बोलावलं नव्हतं.

पास्कल उठून उभा राहिला. "तुमच्या पंपाचं टोक कापा, हरिभाऊ. माज्या बापाच्या होडीला हात लावायचा नाय."

तेव्हा मी ब्रॅकेटचा शोध लावला. म्हणजे ब्रॅकेट जगात आधीपासून असतील, पण वसई तालुक्यात हा पहिला असावा. दोन लोखंडी हात होडीचं मागचं टोक दोन्ही बाजूंनी कवटाळतील, आणि त्या हातांच्या मागे एक उभी फळी राहील. त्या फळीला मोटर टांगायची. ब्रॅकेट हा शब्द पास्कलच्या जिभेवर बसेना, म्हणून पाचूबंदरात त्याचं नाव 'घोडा' पडलं. मी दोन रात्री बसून तीन रंगांच्या पेन्सिलींनी नकाशा काढला. निळं म्हणजे लोखंड, तांबडं म्हणजे लाकूड, हिरवं म्हणजे पाणी. जयवंती तो नकाशा शेजारणींना दाखवत होती, असं माझ्या कानावर आलं. मला बरं वाटलं.

मग माप घ्यायला गेलो. होडी नारळीच्या झावळ्यांखाली होती. पास्कलने डाव्या हाताने झावळ्या सारल्या, मी टेप लावला, उतार मोजला, पाण्याची खूण कुठपर्यंत आहे ते बघितलं, फळी कुठे यावी तिथे खडूने रेघ मारली. सगळं वहीत लिहून घेतलं. पास्कल बाजूला उभा राहून माझ्याकडे आणि होडीकडे आळीपाळीने बघत होता. "काही सांगायचंय का?" मी विचारलं. "नाय, नाय. तुमी करा," तो म्हणाला.

लोखंडाचं काम बळीराम लोहाराकडे दिलं. बळीरामचा हात रहाटांवर बसलेला. रेड्याने दहा वर्षं ओढला तरी हलणार नाही, असं काम तो करायचा. त्याने नकाशा उलटासुलटा धरून पाहिला आणि विचारलं, "रेडा कुठे जुंपायचा?"

"रेडा नाही. मोटर आहे."

"किती रेड्यांची?"

मी अश्वशक्तीचा हिशेब समजावला. त्याने घोड्यांचे रेडे करून घेतले आणि त्यावर आपल्या मनाने आणखी दोन रेडे वाढवले. शेवटी जे तयार झालं, ते उचलायला चार माणसं लागली. वर त्याने स्वतःच येऊन ते होडीला बसवलं आणि बोल्टांची टोकं घणाने चेपून टाकली. "आता देव आला तरी सुटायचं नाही," तो म्हणाला. देव येणार नव्हता, पण अडचण येणार होती, हे मला कुठे ठाऊक!

मधल्या काळात मी पेट्रोलच्या मागे होतो. कुपनांच्या कचेरीतल्या कारकुनाने फॉर्म दिला. त्यात पहिलाच प्रश्न गाडीचा नंबर. मी म्हणालो, होडी आहे. तो म्हणाला, होडीला चाकं किती? शून्य म्हणालो. त्याने शून्य लिहिलं आणि मग शून्य चाकांची गाडी आपल्या यादीत नाही म्हणून फॉर्म परत केला. होडीचे कागद जिकडे होतात त्या कचेरीत गेलो. तिथले गृहस्थ फार सभ्य. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं की ही होडी वल्ह्याची म्हणून नोंदलेली आहे. मोटर बसवली की नवी नोंद लागेल, आणि नव्या नोंदीसाठी ती मोटरीवर चालवून दाखवावी लागेल.

"पेट्रोलशिवाय चालवू कशी?"

"ते कुपनांच्या कचेरीत विचारा."

"ते म्हणतात, नोंद आणा."

"मग बरोबरच आहे त्यांचं," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

अशा सहा खेपा झाल्या. शेवटी हरिभाऊंनी आपल्या पंपाच्या वाट्यातल्या दोन बाटल्या पेट्रोल काढून दिलं. पंप तेलावर चालायचा, पण सुरू करताना थोडं पेट्रोल पाजावं लागायचं. अट एकच, होडी पाण्यात जाताना त्यांचा सल्ला ऐकायचा. मी कबूल झालो. ऐकायला काय जातं.

रविवार जवळ आला. शुक्रवारी सकाळी होडी पाण्यात लोटायची ठरली. मी इस्त्रीचा कोट घातला. जयवंती आली, रोझमेरी आली, बळीराम आपलं काम बघायला आला, आणि निम्मं पाचूबंदर जाळी शिवायची सोडून वाळूत गोळा झालं. मी चार शब्द बोललो. मग वीसेक माणसांनी होडीला हात घातला आणि एका दमात तिला उताणी केली.

हो. उताणी. पावसाळ्याचे चार महिने होडी पालथी घालून ठेवतात, तळाला माशाचं तेल लावतात, हे वसईत पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण माप घेताना माझं सगळं लक्ष मापात होतं. पालथ्या होडीवर जी फळी छान वर उभी होती, ती होडी सरळ होताच खाली गेली. तिची वरची कड जमिनीकडे आणि मोटर टांगायची जागा पाण्याच्या खुणेच्या हातभर खाली. ब्रॅकेट होता मात्र नकाशाबरहुकूम.

कोणी हसलं नाही, हे त्याहून वाईट. सगळे जण वाकून वाकून बघत होते आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते. फक्त बळीराम म्हणाला, "बोल्ट बघा, हललेत का!"

"पास्कल," मी आवाज शक्य तितका खाली ठेवून म्हणालो, "तुला दिसत होतं ना?"

"दिसत होतं, मास्तर."

"मग बोलला का नाहीस रे?"

"मला वाटलं, मोटर पान्यात चालते तं पान्यातच बसवत असतील. तुमी शिकलेली मानसं. तीन रंगांनी काढलेलं."

मी कोट काढला आणि छिन्नी हातात घेतली. देवालाही न सुटणारे बोल्ट सोडवायला अख्खा शुक्रवार आणि अर्धा शनिवार गेला. जुनी भोकं लाकडी खुंट्या आणि कापूस ठोकून बुजवली. एकेक खुंटी ठोकताना पास्कल असा चेहरा करी की ती त्याच्याच अंगात जाते आहे. बळीरामने कुरकुरत अर्धं लोखंड कमी केलं. दोन रेडे काढले, असं तो म्हणाला. शनिवारी दिवे लागायच्या सुमारास ब्रॅकेट सरळ बसला. पास्कल मग त्या नव्या जांभळीच्या फळीवर फडक्याने काहीतरी चोळत राहिला. "माशाचं तेल," तो म्हणाला. "होडीवर कोरं लाकूड ठेवत नाय." मी त्याला शाबासकी दिली. लाकडाची निगा राखणारा माणूस मला आवडतो.

रविवारी चर्चमधून लोक थेट किनाऱ्यावर आले. अर्नाळ्याहून हरेश्वरही आला होता. दोन पोरगेले गडी बरोबर घेऊन होडी न्यायच्या तयारीनेच आला होता. माणूस चांगला. एका बाजूला बिडी ओढत उभा राहिला आणि म्हणाला, "चालली तर आनंद आहे. नाही चालली तर मी आहेच." रोझमेरी त्याच्याकडे बघत नव्हती.

होडीत पास्कल आणि मी. हरिभाऊ कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून म्हणाले, "विद्याधर, आता माझा सल्ला. मोटर दोरीने होडीला बांध."

पास्कलने दोरी हातात घेतलीसुद्धा होती.

आता विचार करा. शुक्रवारची फजिती ताजी, सगळं गाव बघतंय, आणि हे पंपवाले मला सांगणार! मोटरीला कंपनीने दोन पक्के स्क्रू दिलेले, ते मी स्वतः दोन्ही हातांनी आवळलेले. "हरिभाऊ," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मोटर म्हणजे म्हैस नव्हे, दाव्याला बांधायला." लोक हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा ते माझ्या बाजूने हसले. पास्कलने दोरी खाली ठेवली.

मी मोटरीची दोरी ओढली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा मोटर गर्जली. आणि होडी चालली हो! पुढचं टोक उचलून, दोन्ही बाजूंनी पांढरं पाणी कापत, सरळ खाडीच्या तोंडाकडे चालली. किनाऱ्यावर ओरडा झाला. जयवंतीचा आवाज मी त्यात ओळखला. पास्कल सुकाणू धरून बसला होता, डाव्या हाताने. तो हसत नव्हता, रडतही नव्हता, नुसतं तोंड उघडं ठेवून पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "मास्तर, बाबा असता तं..." आणि त्याने सुकाणू आणखी घट्ट धरलं. मी त्याला थंड पाणी कुठून आत शिरतं ते दाखवायला मोटरीकडे वळलो.

मोटर हलत होती. तेल प्यालेल्या फळीवर ते दोन पक्के स्क्रू लोण्यावरून सुरी जावी तसे वर सरकत होते. मी हात पुढे केला. तेवढ्यात कडकन आवाज झाला, फळीच्या वरच्या कडेचा एक लचका बरोबर घेऊन मोटर उठली, मागे गेली आणि खाडीत उतरली. पाण्याखालीही ती थोडा वेळ चालू होती. बुडबुडे आले. मग थांबले.

"गेली," पास्कल म्हणाला.

"गेली," मी म्हणालो.

ओहोटी लागली होती. होडी हळूहळू समुद्राकडे निघाली आणि किनाऱ्यावरची माणसं बारीक होऊ लागली. मी वल्ही घेतली. शास्त्राप्रमाणे दोन्ही वल्ही सारख्या जोराने मारली की होडी सरळ जाते. पण माझे दोन हात सारख्या जोराचे नाहीत, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. होडी तीनदा गोल फिरली. पास्कलने उजव्या हाताने माझ्याकडचं वल्हं ओढून घ्यायचा प्रयत्न केला आणि त्याच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की मी ते वल्हं घट्ट धरून ठेवलं. दोन मुलींचा बाप असलेला हा माणूस माझ्या कुतूहलापायी आता समुद्रात जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला फार भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"पास्कल, मला माफ कर रे," मी म्हणालो.

पास्कल ऐकत नव्हता. तो मागच्या फळीकडे बघत होता. मोटरीने लचका तोडून नेला तिथे बरोबर मधोमध एक खाच पडली होती. त्याने तिच्यावर बोट फिरवलं. माझ्या हातातलं एक वल्हं काढून घेतलं, मागे टाकलं, खाचेत बसवलं, आणि उभा राहून डाव्या हाताने ते माशाच्या शेपटीसारखं इकडून तिकडे, तिकडून इकडे हलवू लागला.

होडी थबकली. मग वळली. मग किनाऱ्याकडे निघाली.

"हे काय करतोस?" मी विचारलं. इतक्या संकटातही मला ते विचारल्याशिवाय राहवेना.

"मोठ्या गलबतांच्या मागं ती पेटीसारखी होडी असते ना, तिच्यातला एकटा खलाशी असाच मागून मारतो. एका हातानं. लहानपनी बंदरात बघितलेलं," पास्कल म्हणाला. त्याला धाप लागली होती, पण आवाज वेगळा होता. "आमच्या होडीला मागं टोक. वल्हं टेकायला जागाच कुटं होती?"

ओहोटीशी झगडत यायला पाऊण तास लागला. पास्कलने एकदाही हात बदलला नाही. किनारा जवळ आला तसा ओरडा थांबला आणि सगळे नुसते बघत राहिले, कारण होडीत एक मोटर कमी होती आणि पास्कल उभा होता. रोझमेरी साडीनिशी छातीइतक्या पाण्यात आली आणि तिने होडीची कड धरली ती सोडीना. हरिभाऊंनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

हरेश्वर बिडी टाकून पुढे आला. त्याने ब्रॅकेटला दोन्ही हातांनी हिसडे देऊन पाहिलं, खाच पाहिली, पास्कलचा डावा हात पाहिला. मग आपल्या गड्यांना म्हणाला, "चला रे, घरी." दहा पावलं जाऊन तो परत आला आणि मला बाजूला घेऊन विचारू लागला, "मास्तर, माझा बाप म्हातारा झालाय, पण घरी बसत नाही. त्याच्या होडीला असा एक घोडा करून द्याल का? माप घ्यायला तुम्हीच या." बळीरामने लगेच त्याला दंडाला धरून बाजूला नेलं आणि मापाचं आपण बघून घेऊ असं सांगितलं.

मी वाळूत बसलो होतो. कोट भिजला होता. जयवंती शेजारी येऊन बसली आणि कोटाच्या बाह्या पिळू लागली, तेव्हा मला जास्तच वाईट वाटलं. वर्षभर उघडली, जोडली, आता कुठे बसली असेल गाळात, ती दोन स्क्रू आणि एक लचका घेऊन.

पास्कल होडी बांधून आमच्याजवळ आला. उद्या पहाटे भरतीला जाळं टाकायला जाणार म्हणाला. मग माझा चेहरा बघून तो उकिडवा बसला आणि त्याने आपला डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नका, मास्तर," तो अगदी मनापासून म्हणाला. "तुमचा घोडा पयल्यापासून बेस होता. ती मोटरच उगाच मदी आली."